काम्पोजच्या काळातली सायकॅट्री

आमच्या वेळी सायकॅट्रीची पोस्टिंग ही हक्काची सुट्टी मानली जाई. एमबीबीएसच्या सगळ्या वर्षांत मिळून या विषयाच्या वाट्याला जेमतेम पंधरा दिवस येत आणि त्यातले निम्मे नुसत्या हजेरीचे. परीक्षेला स्वतंत्र पेपर नव्हता. मेडिसिनच्या दुसऱ्या पेपरात त्वचारोगांच्या शेजारी एखादी टीप यायची, ती ऑप्शनला टाकली तरी बिघडत नसे. ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या अखेरची. सर्जरीच्या वॉर्डात उभं राहायला जागा मिळत नसे, आणि मुख्य इमारतीच्या मागे, स्टोअररूमच्या पलीकडे असलेल्या सायकॅट्रीच्या ओपीडीत सरांच्या समोर आम्ही चार-पाच जण पंख्याखाली बसलेलो असायचो. पुढे याच विषयात एमडी करायचं ठरवलं तेव्हा मित्रांनी विचारलं, "मार्क कमी पडले का रे?" आई म्हणाली, "त्यांच्यात राहून तुला काही होणार नाही ना?"

आता मी वर्गात फळ्याच्या बाजूला उभा असतो. २०१९पासून क्षमताधारित अभ्यासक्रम आला. पूर्वी मनात आलं तर घ्यायची ती सायकॅट्री आता इंटर्नशिपमध्ये दोन आठवडे सक्तीची झाली. मुलंमुली मनापासून प्रश्न विचारतात. डिप्रेशन, पॅनिक, ओसीडी हे शब्द त्यांनी कॉलेजात येण्याआधीच ऐकलेले असतात. हमखास येणारा प्रश्न असतो, "सर, तुमच्या वेळी औषधं तरी कोणती होती?" त्यांना वाटतं, तो सगळा अंधारयुगाचा काळ असणार. पण मागे वळून पाहताना मला उलटंच दिसतं. औषधं वाटतात तितकी बदललेली नाहीत. बदललं आहे ते पेशंटशी बोलणं. आणि या बदलाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

औषधांकडे वळण्याआधी तपासणीबद्दल सांगतो, कारण त्या पंधरा दिवसांत आम्ही खरं शिकलो ते तिथेच. मेंटल स्टेटस एक्झॅमिनेशनमध्ये काही ठरलेले प्रश्न असत. विचार अमूर्तापर्यंत पोचतो का हे पाहण्यासाठी म्हणीचा अर्थ विचारायचा. "नाचता येईना अंगण वाकडे म्हणजे काय?" यावर "अंगण नीट चोपलं नसेल" असं उत्तर आलं की आम्ही डोळे चमकवून केस पेपरवर 'काँक्रीट' असं लिहायचो. एकाग्रतेसाठी शंभरातून सात-सात वजा करायला सांगायचं. शाळेचं तोंड न पाहिलेली भाजीवाली तिथे गप्प बसायची. मग सर म्हणायचे, "वीस रुपयांतून तीन-तीन रुपये दे म्हणावं." ती आमच्यापेक्षा लवकर हिशेब संपवायची. तारतम्य पाहण्याचा प्रश्न तर सगळ्यांचा पाठ होता : रस्त्यात पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सापडलं तर काय कराल? अपेक्षित उत्तर होतं, पोस्टाच्या पेटीत टाकीन.

आजच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न विचारायला सांगितला तर पाकिटाला तिकीट कुठे लावतात, हेच आधी त्याला सांगावं लागतं. आम्ही आता विचारतो, कुणाचा मोबाइल सापडला तर काय कराल? भ्रमांचे विषयही बदलले. तेव्हाच्या पेशंटवर भाऊबंद करणी करत, रेडिओवरच्या बातम्यांत त्याचं नाव येई. आताच्या पेशंटचा फोन हॅक झालेला असतो, सीसीटीव्ही त्याच्यावर नजर ठेवून असतात, दातात चिप बसवलेली असते. आजाराचा सांगाडा तोच, कपडे मात्र काळाप्रमाणे बदलले.

आता औषधांचं कपाट. अक्षरशः एकच लाकडी कपाट होतं, त्याची किल्ली सिस्टरच्या कमरेला. त्यात लार्गॅक्टिल म्हणजे क्लोरप्रोमॅझिन, सेरेनेस म्हणजे हॅलोपेरिडॉल, डेप्सोनिल म्हणजे इमिप्रामिन, लिथियम, हात थरथरू नयेत म्हणून पॅसिटेन आणि झोपेसाठी काम्पोज. पंधरवड्याला एकदा टोचायचं फ्लुफेनाझिनचं इंजेक्शन. एवढ्यावर संसार चाले. काम्पोज तर इतकी घरोघरी गेली होती की पेशंट यायचा तोच मुळी "काम्पोज घेऊन बघितली, डॉक्टर" असं सांगत.

आम्हाला रिसेप्टरचं ज्ञान बेताचंच. औषध ओळखायचो ते दुष्परिणामांवरून. कॉरिडॉरमधून हात न हलवता, पाय घासत येणारा माणूस दिसला की तो लार्गॅक्टिल किंवा सेरेनेसवर आहे हे लांबूनच कळे. वारंवार पाणी मागणारा, जीभ टाळ्याला चिकटलेला, बद्धकोष्ठाची तक्रार करणारा तो डेप्सोनिलचा. हात कापतोय, जुलाब होताहेत, चाल अडखळते आहे, म्हणजे लिथियमचं प्रमाण वाढलं, धावा बायोकेमिस्ट्रीकडे. तिथल्या फ्लेम फोटोमीटरवर आकडा यायचा. साधारण ०.६ ते १.२च्या मधे असला की जिवात जीव, १.५च्या वर गेला की धावपळ.

सेरेनेस सुरू केल्यावर एखाद्या तरुणाची मान अचानक वाकडी व्हायची, डोळे वर फिरायचे. बरोबरच्या मावशी हात जोडून म्हणायच्या, "अंगात आलं बघा." सर शांतपणे फेनर्गनचं इंजेक्शन द्यायला सांगत. अर्ध्या तासात मान सरळ. देवऋषी आठवडाभर घेतो ते काम सुईने एवढ्यात केलं, याचं नातेवाइकांना फार कौतुक. ती बाधा मुळात आमच्याच गोळीने झालेली होती, हे सर त्यांना समजावून सांगत. ते ऐकूनही त्या मावशी मनात शंका ठेवूनच घरी जात.

पाठांतर मात्र परदेशी पुस्तकांचं. डिप्रेशनवरचं एमएओ इनहिबिटर घेणाऱ्याने चीज आणि रेड वाइन टाळावी, नाहीतर रक्तदाब भडकतो, हे आम्ही घोकलं. ज्याने जन्मात चीज पाहिलं नाही, अशा पेशंटला हे कसं सांगायचं, हे कुणी शिकवलं नाही. इमिप्रामिनचा जास्त डोस हृदयाची लय बिघडवून जीव घेऊ शकतो, म्हणून आत्महत्येचे विचार असलेल्याच्या हाती आठवड्याभराहून जास्त गोळ्या द्यायच्या नाहीत, हा नियम मात्र हाडात भिनला. उदासीनता घालवायला दिलेल्या औषधानेच तो मरू शकतो, ही जाणीव चिठ्ठी लिहिणाऱ्या हाताला कायम असायची.

सर एक गोष्ट अभिमानाने सांगत. मनोविकारांवरच्या औषधांच्या जन्मकथेत मुंबईचाही वाटा आहे. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं. पुढे त्याच मुळीतून निघालेलं रेसरपिन अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत वापरलं गेलं. १९५७ सालच्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत वकील होते, आणि क्लोरप्रोमॅझिनचे लाबोरी व डेनिकर हेही. पॅरिसमध्ये १९५२ साली क्लोरप्रोमॅझिन पहिल्यांदा मनोरुग्णांना दिलं गेलं, त्या आधी ऑस्ट्रेलियात १९४९ साली जॉन केड यांना लिथियमचा गुण सापडला होता, आणि १९५७ साली स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी इमिप्रामिन पुढे आणलं. म्हणजे आमच्या त्या कपाटातली मुख्य औषधं नऊ-दहा वर्षांच्या एकाच बहारात आली होती आणि त्यानंतर तीस वर्षं कपाट जवळजवळ तसंच राहिलं होतं.

मग नव्वदचं दशक आलं आणि डिप्रेशनसाठी फ्लुऑक्सेटिन आलं. अमेरिकेत त्याला १९८७ साली मान्यता मिळाली होती. दिवसातून एक गोळी, तोंडाला कोरड नाही, आणि मुख्य म्हणजे चुकून-मुद्दाम जास्त घेतलं तरी इमिप्रामिनइतकी भीती नाही. पाठोपाठ स्किझोफ्रेनियासाठी रिस्पेरिडोन, ओलांझापिन. कॉरिडॉरमधली ती पाय घासणारी चाल कमी झाली. आजच्या विद्यार्थ्याच्या फोनमध्ये औषधांची यादी बोटाने सरकवत बसावी एवढी लांब आहे. कोणतं औषध कुठल्या रिसेप्टरवर किती घट्ट बसतं हे तो रंगीत चित्रांसकट सांगतो.

पण गुण आला का जास्त? २००५ साली अमेरिकेत 'केटी' नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. स्किझोफ्रेनियाच्या जवळपास दीड हजार पेशंटवर नव्या औषधांची तुलना पर्फेनाझिन या जुन्या, स्वस्त औषधाशी केली गेली. जुनं औषध फारसं मागे पडलं नाही. अठरा महिन्यांत चारातल्या तीन पेशंटनी दिलेलं औषध सोडलं होतं, नवं काय, जुनं काय. ओलांझापिन त्यातल्या त्यात जास्त काळ घेतलं गेलं, पण त्याने वजन आणि साखर वाढवली. म्हणून आता आमच्या ओपीडीत रक्तदाबाच्या यंत्राशेजारी कंबर मोजायची टेप असते. तेव्हा आम्ही हात थरथरतात का ते पाहायचो, आता पट्टा किती भोकं पुढे गेला ते पाहतो.

अजूनही कशालाच न जुमानणाऱ्या स्किझोफ्रेनियाला क्लोझापिनच लागतं. १९७५मध्ये फिनलंडमध्ये पांढऱ्या पेशी घसरून काही पेशंट दगावले म्हणून ते बाजूला पडलं होतं. १९८८च्या एका गाजलेल्या अभ्यासात इतर औषधांनी न सुधारलेल्यांपैकी ३० टक्के पेशंट क्लोझापिनवर सुधारले, क्लोरप्रोमॅझिनवर फक्त ४ टक्के. तेव्हापासून रक्ताच्या नियमित तपासणीसह ते परत आलं. बायपोलर आजारात लिथियमची गादीही अजून कुणी घेतलेली नाही. आम्हाला शिकवलेली 'मेंदूत सेरोटोनिन कमी पडतं म्हणून डिप्रेशन' ही सोपी गोष्ट मात्र टिकली नाही. औषधाचा उपयोग होतो, पण कारण इतकं सरळ नाही, हे आता पहिल्याच लेक्चरला सांगावं लागतं. २०१९ साली अमेरिकेत नाकात फवारायच्या एसकेटामिनला मान्यता मिळाली, २०२४मध्ये डोपामिनचा दरवाजा न ठोठावणारं स्किझोफ्रेनियाचं पहिलं औषध आलं. ही खरोखर नवी पावलं आहेत. तरी माझ्या तरुणपणीच्या सरांना आज ओपीडीत आणून बसवलं, तर तासाभरात ते चिठ्ठ्या लिहू लागतील.

शॉकबद्दल एक परिच्छेद लिहायलाच हवा, कारण सिनेमांनी या उपचाराची फार बदनामी केली. १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी तो सुरू केला. आमच्या काळात भूलतज्ज्ञ मिळेलच याची खात्री नसे, मग चार माणसं हात-पाय धरत आणि दातांत बोळा. ते दृश्य पाहून एखादा विद्यार्थी बाहेर जाऊन बसायचा. आता भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देणं २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद केलं आहे. पायाची बोटं जेमतेम हलतात, बाकी काही दिसत नाही. खाणंपिणं सोडलेल्या, दगडासारख्या पडून राहिलेल्या पेशंटला आजही याच्याइतका लवकर गुण देणारं दुसरं फार थोडं आहे. इथेही उपचार तोच, माणसाला वागवण्याची पद्धत बदलली.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. बोलण्याचे उपचार.

तेव्हा केस पेपरच्या तळाशी ठरलेली ओळ असे : 'रिअ‍ॅशुरन्स दिला. सपोर्टिव्ह सायकोथेरपी.' म्हणजे नेमकं काय केलं, हे कुणी विचारत नसे आणि सांगतही नसे. बहुतेक वेळा "काळजी करू नका, देवाचं नाव घ्या, फिरायला जा" एवढंच असायचं. फ्रॉइड दोन लेक्चरांत उरकला जाई. इड, इगो, सुपरइगो परीक्षेत लिहायचे आणि विसरायचे. सरांच्या समोर रडत आलेली बाई वीस मिनिटांनी पदर सावरून हसत उठायची, हे आम्ही पाहत होतो. सरांनी काय केलं हे मात्र कळत नव्हतं. सरांच्या हाताला गुण आहे, असं म्हणून आम्ही मोकळे. गुण हा हाताचा असला की तो शिकायची जबाबदारी कुणावर येत नाही.

तुरळक अपवाद होते, आणि ते आपल्याकडेच होते. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. एन. एस. वाहिया, डॉ. दोंगाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पतंजलीच्या विचारांवर आधारलेली उपचारपद्धती बांधून तिचे अभ्यास छापले होते. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती डॉ. कि. मो. फडके यांनी मराठीत आणली. घटनेमुळे नव्हे, तर घटनेकडे पाहण्याच्या हट्टी दृष्टिकोनामुळे आपण कोलमडतो, हे मराठी वाचकाला कळलं, पण वैद्यकीय कॉलेजांच्या वर्गात ते क्वचितच पोचलं. आमच्या वाट्याला आली ती स्नायू सैल सोडायची कॅसेट. टेपरेकॉर्डर हवा तेव्हा सापडत नसे आणि सापडला तर टेप अडकायची.

त्या काळाच्या आठवणी काढताना सगळंच गोड करून सांगायचं नाही. वर्तनोपचाराच्या त्याच प्रकरणात समलैंगिकता 'बरी' करण्यासाठी किळस निर्माण करायचे उपचार छापलेले होते, आणि आम्ही ते निमूट वाचले. अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेने १९७३ सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली होती. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने अशा उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं ते २०२२ साली.

आज काय होतं? बोलण्याला पायऱ्या आल्या. अ‍ॅरन बेक यांच्या संज्ञानात्मक उपचारात पेशंट वहीत तीन रकाने आखतो : काय घडलं, त्या क्षणी मनात कोणता विचार आला, तो विचार कितपत खरा. हात धुण्याच्या ओसीडीत त्याला ठरवून दाराची कडी धरायला लावतात आणि हात न धुता अस्वस्थता आपोआप उतरेपर्यंत थांबायला शिकवतात. बिछाना न सोडणाऱ्या उदास माणसाला 'मन लागलं की कर' असं सांगत नाहीत. आधी कर, मन मागून येईल, या तत्त्वावर दिवसाचं छोटं वेळापत्रक आखतात. सतत स्वतःला इजा करणाऱ्यांसाठी मार्शा लिनेहान यांची पद्धत आहे. प्रत्येकीचं पुस्तक आहे, सत्रांची संख्या ठरलेली आहे, आणि नीट केलं की नाही हे तपासताही येतं.

हे शिकवता येतं याचा सर्वांत ठोस पुरावा आपल्या शेजारी गोव्यात मिळाला. मुंबईत शिकलेल्या डॉ. विक्रम पटेल यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९६ साली सुरू केलेल्या 'संगाथ' संस्थेने, मानसशास्त्राचं कोणतंही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवलं. सहा ते आठ भेटींत त्यांनी तीव्र डिप्रेशनच्या पेशंटना वर सांगितलेली वेळापत्रकाची पद्धत शिकवली. लॅन्सेटमध्ये छापून आलेले निष्कर्ष स्पष्ट होते, पेशंट सुधारले. जे आम्ही सरांच्या हाताचा गुण समजत होतो, त्यातलं बरंचसं कुणीही शिकू शकेल असं निघालं.

आणि एक प्रश्न. आम्हाला दबक्या आवाजात बजावलं जाई : आत्महत्येबद्दल पेशंटला थेट विचारू नका, नसलेलं डोक्यात येईल. आज पहिल्या आठवड्यातच शिकवतो की थेट विचारा. विचारल्याने धोका वाढत नाही, न विचारल्याने राहून जातो. विद्यार्थी एकमेकांवर सराव करतात. पहिल्यांदा सगळेच अडखळतात, पाचव्यांदा शब्द सहज येतात. कायदाही त्याच दिशेने वळला. तेव्हा १९१२चा ल्युनसी अ‍ॅक्ट चालू होता, दाखल करायचं तर मॅजिस्ट्रेटची ऑर्डर आणि जीव द्यायचा प्रयत्न केलेल्याच्या खाटेशेजारी पोलिस. २०१७चा कायदा त्या माणसाला तीव्र तणावाखाली आहे असं मानतो आणि सरकारवर त्याच्या उपचारांची जबाबदारी टाकतो. 

समाजाचा सूरही बदलला, तो काही आमच्या लेक्चरांमुळे नव्हे. 'येरवड्याला पाठवा' किंवा 'ठाण्याला पाठवा' हा तेव्हा चेष्टेचा विषय होता. त्याच येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. १९९० साली ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची मानसिक आरोग्यासाठी काम करणारी आयपीएच संस्था आली. २००४मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई'ने स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाचं घर पडद्यावर दाखवलं. आता नातेवाईक चिठ्ठी लपवत नाहीत, उलट आधी गुगल करून येतात.

गमावलं काहीच नाही का? गमावलं. तेव्हा औषधं थोडी म्हणून वेळ भरपूर, आणि एका पेशंटची हिस्ट्री दहा-बारा पानं भरायची. गावाकडून आलेली आजी तीन पिढ्यांचा इतिहास सांगायची. आता छापील तक्त्यात खुणा करून केस संपते. पण म्हणून जुने दिवस परत आणा, असं मी म्हणणार नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६ साली, उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण आजारागणिक ७० ते ९२ टक्के भरलं. त्या सगळ्यांपर्यंत सायकिअ‍ॅट्रिस्ट पोचणार नाहीत. पोचतील ते तालुक्याच्या गावी बसणारे एमबीबीएस डॉक्टर, म्हणजे आज माझ्या वर्गात बसलेली मुलं.

म्हणून विद्यापीठांना आणि माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती. आपल्याकडे ज्याला मार्क नाहीत ते कुणी शिकत नाही, मीही शिकलो नव्हतो. तेव्हा अंतिम प्रात्यक्षिकात पोट तपासायला जसे गुण आहेत, तसे दहा मिनिटं पेशंटशी नीट बोलण्याला द्या. आणि विद्यार्थ्यांनो, क्लोझापिनचा डोस विसरलात तर फोनवर सापडेल. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास असतं का, कशातच रस वाटत नाही का, आणि जीव नकोसा होतो का, हे तीन प्रश्न मात्र पोस्टिंग संपायच्या आत न अडखळता विचारायला शिका. तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं, तर पेशंटला एकटं सोडू नका, त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पोचवा, आणि टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या घरच्यांना चिठ्ठीवर लिहून द्या.